पाय वर करून घेतलेलं माप

रुपली पावरा यावलच्या एसटी आगारात कंडक्टर आहे. उंची पाच फुटांना अर्धा इंच जास्त, अंगाने बारीक, पण मांड्या भरदार. लहानपणापासून चढाव चढणाऱ्या बाईच्या असतात तशा. तिचं गाव सागपाणी, यावलच्या उत्तरेला सातपुड्याच्या उतारावरचा चाळीस घरांचा पाडा. आईवडील, भिकुबाई आणि बादल, अजून तिथेच असतात. पावसाच्या भरवशावरची ज्वारी-तूर, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि चारोळी. चारोळीच्या शेंड्याच्या फांद्यांवर मोठ्या माणसाला जाता येत नाही, म्हणून घरातल्या हलक्या पोराला वर पाठवतात. त्या घरात ते पोर रुपली होती. उंचीची भीती तिला कधी शिवली नाही, आणि त्यात काही विशेष आहे असंही कोणाला वाटलं नाही.

आश्रमशाळेत बारावी झाली. दोन वर्षांनी भरती निघाली, तिने अर्ज केला आणि तिला बिल्ला मिळाला. यावलमध्ये खोली घेऊन ती एकटी राहू लागली. चोपड्याच्या गाडीवर तिची ड्यूटी असताना एका रविवारी सकाळी सहा माणसं खांद्यावर दोरांची वेटोळी घेऊन चढली. मनुदेवीच्या फाट्याची तिकिटं मागितली. त्यांचा म्होरक्या हितेंद्र चौधरी, जळगावला मेहरूणमध्ये राहणारा, ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा.

"एवढा दोर कशाला?" रुपलीने तिकिटं देता देता विचारलं.

"कड्यावर चढायला."

"कड्यावर चढायला दोर लागतो?"

हितेंद्रला वाटलं ही आपली फिरकी घेते आहे. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. ती खरंच विचारत होती. "चढायला लागत नाही," तो म्हणाला, "पडलो तर लागतो. तुमची सुट्टी कधी असते?"

तिची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी होती. ती बदलून घ्यायला तिला दोन महिने लागले. पहिल्या रविवारी ती दोन कडे चढली आणि तिसऱ्यावर अर्ध्यात अडकली. खाली उतरल्यावर ती बराच वेळ त्या अडकलेल्या जागेकडे बघत बसली. पुढच्या रविवारी पुन्हा गेली. असं तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी हितेंद्र तिला म्हणाला, "आता बर्फावर शिकून घे. उत्तराखंडात अठ्ठावीस दिवसांचा कोर्स असतो."

तिने बिनपगारी रजा टाकली. ती मंजूर झाली.

*

संस्थेत सगळं सामान उसनं मिळत असे. बूट, बर्फात रोवायची कुऱ्हाड, पाठपिशवी, पॅन्ट. पॅन्टी पुरुषांच्या मापाच्या होत्या. रुपलीने सगळ्यात लहान घेतली तरी कमरेला दोन मुठी जागा उरली. तिने नाडी ओवून ती आवळली. मांडीत मात्र तीच पॅन्ट घट्ट बसली, आणि खाली पायघोळ झाली म्हणून तिने दोनदा दुमडली. पहिले दोन आठवडे हे चालून गेलं.

मग हिमनदीवर नेलं. बुटांखाली लोखंडी दातांचा सांगाडा बांधायचा, त्याला क्रॅम्पॉन म्हणतात. बर्फाच्या सरळ भिंतीत पुढचे दात मारायचे, उभं राहायचं, दुसरा पाय गुडघ्यापेक्षा वर उचलायचा, पुन्हा मारायचा. रुपलीला हे जमायला हवं होतं. पण पाय उचलला की पॅन्ट जांघेत ताणली जायची आणि गुडघा ठरावीक उंचीवर थांबायचा. लगाम ओढल्यासारखं व्हायचं. खालून शिक्षक ओरडत होते, "पैर उठाओ, पैर." तिने जोर लावून उचलला. दुमडलेली मोहरी सुटली होती, उजव्या पायाचे दात डाव्या पायाच्या कापडात अडकले आणि ती उलटी होऊन खाली आली. दोराने बारा फुटांवर धरलं. हनुवटी बर्फावर आपटून फुटली. चार टाके पडले.

कोर्स तिने पूर्ण केला. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं, त्यावर "बी" श्रेणी होती. पुढच्या कोर्सला बसायचं तर "ए" लागते. म्हणजे हाच कोर्स पुन्हा करावा लागणार होता, पुन्हा अठ्ठावीस दिवसांची रजा. शेऱ्यात लिहिलं होतं की उमेदवार चिकाटीची आहे पण बर्फावरची हालचाल अपुरी आहे.

पॅन्टबद्दल ती कोणाला काही बोलली नाही. जवळजवळ सगळ्यांच्याच पॅन्टी उसन्या होत्या, आपलीच तक्रार कशाला सांगायची. पण तंबूत तिच्याशेजारी डेहराडूनची एक मुलगी होती, तिची स्वतःची पॅन्ट होती. रुपलीने एकदा तिला विचारून ते कापड हातात धरून पाहिलं. पातळ होतं, पण वारा आत येत नव्हता. बर्फ झटकला की पडून जायचा. आणि ओढलं की सगळीकडून ताणलं जायचं. मुलीने सांगितलं, याला सॉफ्टशेल म्हणतात.

घरी आल्यावर भिकुबाईने हनुवटीवर हात फिरवला आणि पावरी बोलीत विचारलं, तिथे वर काय पिकतं. रुपली म्हणाली, काही नाही. मग माणसं कशाला जातात, भिकुबाईने विचारलं. रुपली म्हणाली, मी पुन्हा जाणार आहे.

*

पुढचे पाच महिने तिने पॅन्ट शोधली. जळगावच्या दुकानांत ट्रॅकपॅन्ट होत्या, जीन्स होत्या. एका दुकानदाराने मोटारसायकलवाल्यांची रेनकोटची पॅन्ट काढून दाखवली. नाशिकच्या मोठ्या दुकानात सॉफ्टशेल होती, पण बायकांच्या मापात एकच रंग आणि एकच साईज शिल्लक होती, आणि ती तिच्यापेक्षा पाच इंच उंच बाईसाठी होती. मोबाईलवरून तिने तीनदा मागवली, तीनदा परत पाठवली. मांडीत बसेल अशी घेतली तर कंबर सैल. कमरेची बरोबर घेतली तर मांडी आत जाईना. तिसरी दोन्हीकडे ठीक होती. पण ती घालून तिने खोलीतल्या खुर्चीवर पाय ठेवला तेव्हा मागची शिवण कमरेखाली सरकली आणि पाठ उघडी पडली. कुरिअर नेणारा माणूस तिला आता नावाने ओळखू लागला होता.

हितेंद्रने नाशिकच्या एका गिर्यारोहकाकडून जुनी पॅन्ट मिळवली. परदेशी, कापड उत्तम, कुठे फाटलेली नाही. फक्त ती सहा फुटी पुरुषाची होती, छत्तीस कमरेची. रुपलीने ती अंगाला लावून पाहिली तर मोहरी जमिनीवर लोळत होती.

"एवढ्यात तुझ्यासारख्या दोघी बसतील," हितेंद्र म्हणाला. "पण कापड बघ. असं सुटं कापड आपल्याकडे मिळत नाही. कोणी चांगला शिंपी असेल तर उसवून काहीतरी करेल."

यावलच्या शिंप्याने ती पॅन्ट हातात घेऊन ताणली आणि परत दिली. जळगावच्या दोघांनी खाली दुमडून द्यायची तयारी दाखवली.

त्या दिवसांत रुपलीची ड्यूटी यावल–धुळे गाडीवर लागली होती. एकदा अमळनेरला एक महिला पोलीस गाडीत चढली. बसायला जागा नव्हती. तिने एक पाय उंच पायरीवर ठेवला, वाकून वळकटी वर ढकलली, पुन्हा सरळ झाली, आणि एवढ्या हालचालीत तिची खाकी पॅन्ट कुठेही ताणली नाही की वर सरकली नाही. रुपली तिकीट फाडायचं विसरून बघत राहिली.

"ताई, पॅन्ट कुठे शिवली?"

पोलीस बाईला प्रश्नाचं नवल वाटलं नाही. "धुळ्याला, पाचव्या गल्लीत. पितांबर आबांकडे. रेडिमेड मिळते, पण ती घालून पळता येत नाही."

*

यावलची गाडी धुळ्याला साडेअकराला लागते आणि बारा वीसला परत निघते. मध्ये पन्नास मिनिटं. स्टँडवरून शेअर रिक्षाने पाचवी गल्ली दहा मिनिटांवर. म्हणजे रुपलीकडे हिशेबाने अर्धा तास उरत असे. पुढे जे काही झालं ते सगळं अशा अर्ध्या-अर्ध्या तासात झालं.

पितांबर आबांचं दुकान आठ फूट रुंद होतं. वय सत्तरीच्या आसपास, गळ्यात टेप. मागच्या बाजूला खाली बसून त्यांची बायको सुनंदाबाई काजं करत असे, हेम घालत असे. आबांनी नाशिकची पॅन्ट घेतली, उलटी केली, शिवणी पाहिल्या, आणि मान हलवली.

"हाई कापड ताणास. मना मशीननी सुई टाका सोडी देई. दुसरीकडे दख."

"दुसरीकडे पाहून आले, आबा."

"मंग बाजारमा इतल्या पॅन्टी शेतस, एक लेई ले."

"त्या घालून पाय वर होत नाही."

पॅन्टच्या दोन पायांच्या मधल्या जोडावर आबांचं बोट थांबलं होतं. तिथे एक चौकोनी तुकडा जोडलेला होता. त्यांनी तो सुनंदाबाईला दाखवला. "मियानी," ते म्हणाले. त्यांचे वडील विजारी शिवत तेव्हा प्रत्येक विजारीत मियानी घालत. त्या तुकड्यामुळे माणूस उकिडवा बसला तरी कापड फाटत नसे. मग पॅन्टी आल्या आणि मियानी गेली. साहेबाच्या देशातला शिंपी अजून मियानी घालतो, हे त्यांना आज कळलं.

त्यांनी टेप काढला. रुपली हात सोडून सरळ उभी राहिली, शिंप्यापुढे उभं राहतात तशी. कंबर अठ्ठावीस, सीट अडतीस, मांडी साडेबावीस. आबांनी कागदावर आकडे लिहिले, मग लिहिता लिहिता थांबले.

"असं उभं राहीसन कोन चढस?" ते म्हणाले. "तू चढस कशी ते माले दखाड."

रुपलीने इकडेतिकडे पाहिलं. मग चप्पल काढून एक पाय कापायच्या टेबलावर ठेवला, गुडघा छातीशी आला. ती कंडक्टरच्या खाकी सलवारीत होती. समोरच्या दुकानातला माणूस बघू लागला, आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी कमरेच्या मागच्या मधल्या बिंदूपासून उचललेल्या गुडघ्यापर्यंत टेप लावला. मग तिला पाय खाली घ्यायला लावून पुन्हा त्याच दोन बिंदूंमध्ये टेप लावला. साडेपाच इंचांचा फरक आला. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढाच आला.

"पन्नास वरीस मी निम्मंच माप लेत होतू," ते बायकोला म्हणाले. त्यात पश्चात्ताप नव्हता, नोंद केल्यासारखं बोलले.

रुपलीने घड्याळ पाहिलं आणि चप्पल घातली. गाडी सुटायला बावीस मिनिटं उरली होती.

*

कापड एकच होतं, चुकलं तर दुसरं नव्हतं. म्हणून आबांनी आधी स्वस्त ताणाचं कापड आणून त्याची पॅन्ट शिवली. ती बिघडली. टाके सुटले, एका बाजूची मांडी पिळली गेली. बनियन शिवणाऱ्या एका ओळखीच्या कारखान्यातून त्यांनी बोथट टोकाच्या सुया मागून आणल्या. त्या सुईने टाका धरला. दुसरी नमुन्याची पॅन्ट बरी आली. रुपली ती घालून मनुदेवीच्या कड्यांवर चढली आणि कुठे ओढलं ते खडूने खूण करून आणलं. आबांनी खुणा पाहिल्या. गुडघ्यावर दोन चुण्या वाढवल्या, म्हणजे पाय वाकलेला असतानाच कापडाला आकार येईल. मोहरी बुटाला चिकटून बसेल इतकी अरुंद केली आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, जिथे दुसऱ्या पायाचे दात लागतात तिथे, जाड कापडाचा दुहेरी तुकडा लावायचं ठरवलं. खिसे त्यांनी कमरेवरून काढून मांडीवर आणले. कारण वर हार्नेस असतो, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना आवळायचा पट्टा, आणि त्याच्याखाली खिशाची चेन हाडात रुतते.

एका बुधवारी रुपली आली तेव्हा आबा बाहेर गेले होते. सुनंदाबाई एकटीच होती. चाचणीची पॅन्ट घालून रुपली आतल्या पडद्यामागून बाहेर आली तेव्हा सुनंदाबाईने तिला बसायला सांगितलं.

"तठे डोकं दुखे का तुनं?"

रुपलीला आश्चर्य वाटलं. "दुखायचं. पहिल्या आठवड्यापासून. का?"

"मना भाचा पोलीसमा शे. तो लडाखले जाई ऊना. तो सांगे, उंचीवर पाणी खूप पेवो लागस, नही तं डोकं फुटस. तू कितलं पेत होती?"

रुपली म्हणाली, "कमी."

"कसाले?"

"असंच."

"सांग ना माय. मना पुढे काय लाजतीस."

मग रुपलीने सांगितलं. हार्नेस एकदा सकाळी बांधला की संध्याकाळी सुटतो. पुरुषांना अडचण नसते. बाईला सगळं सोडावं लागतं, कमरेचा पट्टा, मांड्यांचे पट्टे, मग पॅन्ट, तीही उघड्या बर्फावर, आणि तोवर दोरावरची बाकी माणसं थांबलेली. म्हणून बायका पाणी पीत नाहीत. कोर्समधल्या अकराजणींपैकी कोणीच पुरेसं पीत नव्हती. रुपलीला त्याचं काही वाटलं नव्हतं. गाडीवरही ती तेच करते. सकाळी निघताना अर्धा पेला, मग थेट परत आल्यावर. बहुतेक स्टँडवरची बायकांची सोय बघितली की तहान आपोआप कमी होते, असं ती म्हणाली.

सुनंदाबाई ऐकत होती. सुईत दोरा ओवून झाला होता, तरी तिने टाका घातला नाही.

"हार्नेसना पट्टा कोठे येस? दखाड."

रुपलीने हाताने दाखवलं. कमरेवर एक, दोन मांड्यांवर दोन, मागून त्यांना जोडणाऱ्या दोन लवचिक पट्ट्या. त्या मागच्या पट्ट्या हुकाने सुटतात.

"मंग कमरना पट्टा सोडानं कामच नही," सुनंदाबाई म्हणाली. "पट्टाना खाले चेन लावानी. या कुशीपासून त्या कुशीलगून, मांगून गोल. गादीनी खोळले कशी तीन बाजूले चेन रहास, तशी. मांगलं कापड खाले पडस, काम व्हयनं का चेन वर."

रुपलीने स्वतःच्या कमरेवरून बोट फिरवून पाहिलं, एका कुशीपासून मागून दुसऱ्या कुशीपर्यंत.

"आबांना कोण सांगणार?"

"मी सांगसू. त्यासले काय, ती बी शिवणच शे."

आबांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, चेनीतून वारा येईल त्याचं काय. सुनंदाबाईने वरून झाकणारी पट्टी लावायला सांगितली. खऱ्या कापडावर कात्री चालवली त्या दिवशी आबांनी दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं होतं. मागची चेन सुनंदाबाईने स्वतः टाचून दिली.

*

पॅन्ट डिसेंबरात तयार झाली. खानदेशातली थंडी ती कितीशी, पहाटे यावलच्या केळीच्या बागांवर धुकं धरतं एवढंच. त्यावरून काही कळलं नसतं. हितेंद्रने जळगावच्या एका बर्फाच्या कारखान्यात ओळख काढली. रुपली दुपारी तिथे गेली, हार्नेस बांधला, आणि लाद्या ठेवायच्या खोलीत एक तास राहिली. लाद्यांच्या थप्पीवर चढली-उतरली, बर्फाच्या चुऱ्यात गुडघे टेकून बसली. कामगार दाराशी येऊन बघून जात. तिथे दोन गोष्टी कळल्या. गुडघ्यावरचं कापड अर्ध्या तासाने ओलं होत होतं, कारण जुनं असल्याने त्यावरचा पाणी झटकणारा थर गेला होता. आणि हातमोजे घातल्यावर बोटांना चेनीचा इवलासा खटका सापडत नव्हता. दुसरं सोपं होतं, तिने दोन्ही टोकांना नाडीचे फास बांधले. पहिल्याला उपाय नव्हता. ओलं झालं तर झालं, असं तिने ठरवलं.

मे महिन्यात ती पुन्हा त्याच संस्थेत गेली. शिक्षक बदलले होते. हिमनदीवर तिची पाळी आली तेव्हा ती भिंतीपुढे उभी राहिली आणि पहिला पाय मारला. दुसरा उचलला. गुडघा वर आला, आणखी वर आला, छातीपाशी आला. काही ओढलं नाही. हे एवढंच तिला नीट आठवतं. बाकी चढाईबद्दल ती फारसं सांगत नाही. ती वर पोचली, खाली उतरली, पुन्हा रांगेत उभी राहिली. दुपारपर्यंत गुडघे ओले झाले आणि संध्याकाळी उन्हाने वाळले. एक दिवस ऊन नव्हतं, तेव्हा वाळले नाहीत आणि रात्रभर पाय गार पडले.

त्या कोर्सला नऊ मुली होत्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी नागालँडच्या एकीच्या लक्षात आलं की ही हार्नेससकट दगडामागे जाते आणि तीन मिनिटांत परत येते. तिने विचारलं. रुपलीने मागची चेन दाखवली. संध्याकाळी तंबूत सगळ्याजणी ती पॅन्ट आळीपाळीने हातात घेऊन बघत होत्या. एका शिक्षिकेने विचारलं, कोणत्या कंपनीची. रुपली म्हणाली, धुळ्याला शिवली. धुळे कुठे आहे हे कोणाला माहीत नव्हतं. तिने सांगितलं, सुरतेहून नागपूरकडे निघालं की वाटेत.

तिला "ए" मिळाली. डोकं या वेळी दुखलं नाही असं नाही, दोन दिवस दुखलं. पण ती पाणी पीत होती.

*

परत आल्यावर पहिल्याच धुळ्याच्या फेरीत ती पाचव्या गल्लीत गेली. आबांनी प्रमाणपत्र वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि पॅन्ट मागितली. ती त्यांनी टेबलावर पसरली आणि चष्मा लावून इंच-इंच बघितली. घोट्याच्या आतल्या दुहेरी कापडावर लोखंडी दातांचे सात ओरखडे होते. दोन वरच्या थरातून आरपार, पण खालचा थर वाचलेला. उजव्या गुडघ्याची चुणी डावीपेक्षा जास्त झिजली होती.

"तू उजवा पाय पहिले उचलस," ते म्हणाले.

रुपलीने विचार केला. तिला ते माहीत नव्हतं. "असेल, आबा."

मियानीची शिवण शाबूत होती. आबांनी ती दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिली. सुनंदाबाईने फक्त मागची चेन दोनदा उघडून लावली आणि बाजूला ठेवली. मग विचारलं, कामाले लागनी का. रुपलीने मान हलवली. सुनंदाबाईने पुढचं काज हातात घेतलं.

त्या वर्षी रुपलीने पुढचा कोर्स केला नाही, रजा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी केला. आता हिवाळ्यात हितेंद्रच्या मंडळाबरोबर ती मुलींना शिकवायला हिमाचलात जाते, दहा दिवस. बाकी वर्षभर गाडीवर असते. मधल्या काळात तिने डेपोतल्या बायकांना घेऊन स्टँडवरच्या स्वच्छतागृहांबद्दल वरिष्ठांकडे अर्ज दिला. एका स्टँडवर दाराला कडी लागली आणि पाण्याची टाकी बसली, बाकी ठिकाणी पाहू असं सांगण्यात आलं. अर्जाची प्रत तिच्याकडे आहे.

पितांबर आबांनी तशा आणखी सहा पॅन्टी शिवल्या. कापड ज्याचं त्याने आणायचं. नागालँडच्या मुलीने पार्सलने कापड पाठवलं आणि फोनवर मापं सांगायला सुरुवात केली, तेव्हा आबांनी फोन सुनंदाबाईकडे दिला, सुनंदाबाईने फेरीवर आलेल्या रुपलीकडे, आणि रुपलीला त्यांचं म्हणणं हिंदीत सांगावं लागलं की फोनवर माप घेत नाहीत. मुलगी म्हणाली, मी दोन हजार किलोमीटरवर आहे. रुपलीने ते आबांना सांगितलं.

"मंग भिंतले टेकीसन पाय वर करीसन मोजाले सांग," आबा म्हणाले. "एकटीले जमनार नही. कोनले तरी टेप धराले सांग. आनि दोन्ही पायसनं माप लेवाले सांग. सारखं नही रहास."

मुलीने आईला टेप धरायला लावला. दोन्ही पायांमध्ये अर्ध्या इंचाचा फरक निघाला.